खिचडीच्या पातेल्यापाशी

पहिली ते चौथीची जिल्हा परिषदेची शाळा. दोन खोल्या, दोन शिक्षक. पट साठपर्यंत असेल तर शिक्षण हक्क कायद्याच्या हिशेबाने दोनच शिक्षक मिळतात, त्यामुळे वाड्यावस्त्यांवरच्या कितीतरी शाळा अशाच द्विशिक्षकी. पावसाळ्याच्या सुरुवातीला इथे शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक होते. मोबाइलमधल्या मतदानाच्या ॲपवर छत्री, फुगा, फळा अशी चिन्हं भरलेली असतात. दुसरीतली मतदार बोटाला शाई लावून घेते, बटण दाबते, मशीन वाजल्यावर मागे वळून मैत्रिणीकडे बघते. मुख्यमंत्री ठरतो, आरोग्यमंत्री, क्रीडामंत्री, पोषण आहार मंत्री ठरतात. फोटो पालकांच्या गटावर जातात.

बऱ्याच शाळांत गोष्ट तिथेच संपते. मंत्र्यांची नावं फलकावर रंगवली जातात आणि वर्षभर परिपाठाला ‘सावधान, विश्राम’ म्हणण्यापलीकडे त्यांच्या वाट्याला काही येत नाही. त्यातही नेता म्हणून निवडून येतो तो बहुधा भाषण पाठ असलेला, धीट मुलगा. मुलांमधलं नेतृत्व वाढवायचं म्हणजे त्यांना मंचावर उभं करायचं, हा समज आपल्याकडे फार पक्का आहे.

खरं काम बघायचं तर मधल्या सुट्टीत पातेल्यापाशी उभं राहावं. पाचवीपर्यंतच्या मुलामागे रोज 100 ग्रॅम तांदूळ आणि 20 ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, असा पोषण आहाराचा निकष आहे. परिपाठ झाला की पोषण आहार मंत्री दोन्ही खोल्यांत फिरून डोकी मोजते, बाईंच्या हजेरीशी आकडा ताडून बघते आणि स्वयंपाकाच्या मावशींना सांगते. नऊ वर्षांच्या मुलीने सांगितलेल्या आकड्यावर आधण चढतं. आकडा चुकला तर दुपारी कोणाच्या तरी ताटात कमी पडणार, हे तिला कोणी समजावून सांगावं लागत नाही.

वाढायला चौथीची मुलं. डाव एकाच्या हातात, ताटं सगळ्यांच्या. बालसभा शनिवारची. तिथे एकदा दुसरीतला पोरगा उठतो आणि सांगतो, “बाई, ह्यो दोस्तांना बुडातलं वाढतो. वाटाणं सगळं त्यांनाच.”

“मला नको सांगू, अध्यक्षांना सांग,” बाई म्हणतात आणि मागे भिंतीला टेकून बसतात. अध्यक्ष तिसरीतली मुलगी. हे पद निवडणुकीने मिळत नाही, पाळीने येतं. त्यामुळे वर्षभरात तोंड न उघडणारं मूलही एकदा त्या खुर्चीवर बसतंच. आरोप झालेला मुलगा चिडतो, रडवेला होतो, मग म्हणतो की तळ ढवळायला वेळच मिळत नाही, रांग ढकलते. तेही खोटं नसतं. बराच गलका झाल्यावर ठरतं, की वाढणाऱ्याने शेवटी जेवायचं.

हा नियम आठवडाभर टिकतो. पुढच्यांनी भरपूर घेतल्यामुळे वाढणाऱ्यांनाच अर्धपोटी राहावं लागतं. पुढच्या शनिवारी दुरुस्ती होते: आधी सगळ्यांना एकेक डाव, मग मागेल त्याला दुसरा, आणि दर पाच ताटांनंतर पातेलं ढवळायचं. पहिलीची मुलं रांगेत पुढे.

बाईंना हा तोडगा पहिल्याच दिवशी सुचलेला असतो. तो न सांगता बसणं, हे या सगळ्या कामातलं सर्वांत अवघड कसब आहे. मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजेनेही गोट्या खेळणाऱ्या स्विस मुलांना नियम सांगितले नाहीत, त्यांच्याकडूनच ते समजून घेतले. 1932 साली आलेल्या त्याच्या पुस्तकात नोंद आहे, की लहान मुलांना नियम मोठ्यांकडून आलेला आणि अढळ वाटतो. दहा-अकराच्या सुमारास त्यांना उमगतं, की सगळ्यांच्या संमतीने तो बदलता येतो. खिचडीचा नियम स्वतः करून स्वतःच बदलणारी मुलं त्याच वाटेवर असतात.

बाईंच्या या बसून राहण्याची परीक्षाही लवकरच होते. एक शिक्षक शिक्षण परिषदेला किंवा निवडणुकीच्या कामाला गेला की दुसऱ्याच्या गळ्यात चारही वर्ग. त्या दिवशी चौथीची मुलं पहिलीच्या गटात जाऊन बसतात, चिंचोक्यांवर दशक-एकक मांडायला शिकवतात. कर्ट लेविन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत 1930च्या दशकाच्या शेवटी दहा वर्षांच्या मुलांच्या गटांवर प्रयोग केले होते. हुकूम सोडणारा नेता खोलीबाहेर गेला की त्याच्या गटाचं काम थंडावायचं. विचारविनिमयाने चालणाऱ्या गटाचं चालू राहायचं. द्विशिक्षकी शाळेत हा प्रयोग महिन्याला होत असतो, कोणी न ठरवता.

सगळ्यांना डाव पेलत नाही. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळीबरोबर आलेली मुलगी कोणाशी बोलत नव्हती. तिच्याकडे पुस्तकपेटीची वही दिली. पुस्तक नेलं की नावापुढे खूण करायची आणि परत आलं नाही तर मागायचं. मागायचं म्हणजे थोराड मुलासमोर उभं राहायचं. आधी ती मैत्रिणीला सोबत घेऊन गेली, नंतर एकटी, आणि मग पाचर बसल्यासारखी दारातच उभी राहू लागली: पुस्तक दिल्याशिवाय घरी जायचं नाही. टोळी परतेल तेव्हा वही दुसऱ्या कोणाकडे जाईल, पण जायच्या आधी ती पुढे वही सांभाळणाऱ्या मुलाला रकाने समजावून देते आहे.

सध्या सभेपुढचा वाद मैदानाचा आहे. मोठे मुलगे क्रिकेट मांडतात आणि लंगडी खेळणाऱ्या मुलींना कुंपणाकडेला सरकावं लागतं. सुट्टी अर्धी-अर्धी वाटून घ्यावी, असा मुलींचा ठराव. अर्ध्या सुट्टीत एक डावही होत नाही, हे मुलग्यांचं म्हणणं. निर्णय क्रीडामंत्र्याने द्यायचा, पण तोच सलामीचा फलंदाज. त्याने निकाल देऊ नये, ही हरकत पहिल्यांदा घेतली ती पुस्तकपेटीवालीने. तिच्या हरकतीवर पुढच्या शनिवारी हात वर करून मत घ्यायचं ठरलं आहे, आणि क्रीडामंत्री त्या मतदानात भाग घेऊ शकतो का, हे त्याआधी ठरवायचं आहे.