ती दाढ दुधाची नव्हती



गळीत हंगाम आटोपला, शेवटच्या खेपेची वजनाची पावती खिशात पडली, की आमचे पाय आपोआप आंबा घाटाकडे वळतात. लेक रत्नागिरीला दिली आहे. घाट उतरून खाली गेलं की साखरपा लागतं. नाव साखरपा, पण कारखान्याचं धुराडं कुठं दिसत नाही, म्हणून आम्ही दर खेपेला गाडीत हसतो. या खेपेला मात्र लेकीच्या घरी पोहोचलो तेव्हा हसण्यासारखं काही नव्हतं. आठ वर्षांची नात गालाला फडकं बांधून ओसरीवर बसली होती. गाल सुजून टम्म. पुढ्यात आंबे कापून ठेवलेले, पण तिनं एका फोडीला हात लावला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिला दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. खालची मागची दाढ मुळापर्यंत किडून खाली पू झाला होता. काढण्यावाचून गत्यंतर नव्हतं. आम्ही आपले शहाणपणाने बोलून गेलो, "काढा हो, दुधाचीच आहे, नवी येईल." डॉक्टरांनी हातातलं काम थांबवलं. म्हणाले, "आजोबा, ही दुधाची नाही. कायमची दाढ आहे ही. आता परत यायची नाही."

आम्ही मटकन खाली बसलो. कारण दोन वर्षांपूर्वी ही पोर सुटीत आमच्याकडे आली होती, तेव्हा याच दाढेवर काळा ठिपका दिसला होता. लेक म्हणाली होती, दाखवू या का? आणि आम्हीच सांगितलं होतं, "दुधाची दाढ ती, पडायचीच आहे. कशाला पैसे घालवता?" या लेखाचं मूळ त्या आमच्या वाक्यात आहे. आमच्यासारखं बोलणारे आजे आपल्या पट्ट्यात घरोघर आहेत, म्हणून हे लिहायला घेतलं.

सहाव्या वर्षी चोरपावलांनी येणारी दाढ

बाळाला साधारण सहाव्या महिन्यात पहिला दात येतो आणि अडीच-तीन वर्षांपर्यंत दुधाचे वीस दात पुरे होतात. इथवर आपल्या बायाबापड्यांना सगळं पाठ असतं. पण सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे, वर दोन आणि खाली दोन अशा चार नव्या दाढा येतात. त्यांच्यासाठी कुठला दात पडत नाही, त्यामुळे कोणाच्या लक्षात येत नाही. सगळ्यांना वाटतं, ही जुन्यांपैकीच. या दाढा जन्मभराच्या असतात. पुढचे दात कुठे बसायचे, जबडा कसा मिटायचा, हे बरंचसं त्यांच्यावर ठरतं. आणि नेमक्या त्याच सगळ्यांत आधी किडतात, कारण त्यांच्या माथ्यावर खोल खाचा असतात, पोराचा ब्रश मागपर्यंत पोहोचत नाही आणि आईबाप निर्धास्त असतात.

तेव्हा सभासद बंधूंनो, घरात सहा-सात वर्षांचं पोर असेल तर आज संध्याकाळी त्याला उजेडात उभं करा, आ करायला लावा आणि मागचे दात मोजा. मधल्या रेषेपासून मागे पाचच्या पुढे सहावा दात दिसला तर तो कायमचा. त्याच्या खाचा दंतवैद्याकडून पातळ लेपाने बुजवून घेता येतात. त्याला ना सुई लागते ना कोरणं. आमच्या नातीचं हे वेळेवर केलं असतं तर दाढ आज तोंडात असती.

दुधाचे दात पडणारच, मग ते किडले म्हणून काय बिघडलं, हेही खरं नाही. ते पुढच्या दातांची जागा धरून ठेवतात. दाढ आधीच गेली तर शेजारचे दात त्या जागेत कलतात आणि नवा दात वाकडा उगवतो. शिवाय दाढ ठणकणारं पोर नीट जेवत नाही, झोपत नाही, शाळेत त्याचं लक्ष लागत नाही.

किडा नव्हे, आंब

आपण म्हणतो दाताला कीड लागली. खोडकिड्यासारखा कोणी किडा आत शिरून पोखरत असेल असं आमच्या लहानपणी सगळ्यांना वाटे. बाजारच्या दिवशी रिंगणीच्या बियांची धुरी देऊन किडे पाडून दाखवणारे लोक बसत. पाण्यात पडायचे ते बियांचेच पांढरे तुकडे, पण बघणाऱ्याला किडे वाटत. दाताचा किडा असा नसतोच. तोंडात डोळ्यांना न दिसणारे जंतू असतात. ते दातावर चिकट थर करून राहतात. आपण गोड खाल्लं की तेही खातात आणि त्यातून आंबट आम्ल तयार करतात. त्या आम्लाने दाताचा वरचा कठीण थर विरघळतो. गोड खाल्ल्यावर काही मिनिटांतच हे सुरू होतं आणि लाळेला ते आम्ल धुऊन पुन्हा सारखं करायला साधारण अर्धा तास लागतो. लाळेत चुन्याचा अंश असतो, त्याने विरघळलेला थर थोडा भरूनही निघतो. म्हणजे दिवसभर तोंडात झीज आणि भर अशी दोन्ही कामं चाललेली असतात. झीज जास्त झाली की खड्डा पडतो. सुरुवातीला दातावर खडूसारखा पांढरा डाग दिसतो. तेवढ्यावर सावरलं तर तो मागे फिरू शकतो. दुखायला लागल्यावर डॉक्टर गाठणं म्हणजे पोंगेमर दिसल्यावर खोडकिड्याची फवारणी करण्यातला प्रकार आहे.

मग साखर खायची नाही का?

हा प्रश्न तुम्ही विचारणार हे आम्हाला ठाऊक आहे. आपण ऊस लावतो, आपली साखर खपली तर आपल्याला दर मिळतो, आणि दिवाळीला सवलतीची सभासद-साखर घेऊन जायला आम्हीही रांगेत उभे असतो. कारखान्याच्याच पत्रिकेत साखरेविरुद्ध लिहिणं म्हणजे बसल्या फांदीवर कुऱ्हाड, असं कोणी म्हणेल. पण साखर कोणी बंद करायला सांगत नाही. किती खाल्ली यापेक्षा दिवसातून किती वेळा आणि कशा रूपात खाल्ली, याला दाताच्या बाबतीत जास्त महत्त्व आहे.

हे कळलं कसं, ती हकीकत ऐकण्यासारखी आहे आणि थोडी लाजिरवाणीही. स्वीडन देशात लुंड गावाजवळ व्हिपेहोल्म नावाचं मतिमंद लोकांचं मोठं इस्पितळ होतं. १९४५ ते १९५३ या काळात तिथल्या रुग्णांना वेगवेगळ्या प्रकारे साखर देऊन त्यांच्या दातांचं काय होतं ते पाहिलं गेलं. त्या बिचाऱ्यांची संमती कोणी विचारली नाही. आज असं काही करू दिलं जाणार नाही. पण निष्कर्ष स्पष्ट निघाला. जेवणाबरोबर गोड खाल्लेल्यांचे दात फारसे बिघडले नाहीत. दोन जेवणांच्या मध्ये चिकट टॉफी चघळणाऱ्यांचे मात्र झपाट्याने किडले. त्यानंतर त्या देशात मुलांना गोळ्या-चॉकलेट फक्त शनिवारी द्यायची चाल पडली. आम्हाला हे वाचून गंमत वाटली. आपल्याकडे बाप बाजारातून येताना आठवड्याला एकदाच खाऊची पुडी आणायचा. गरिबीमुळे असेल, पण आपलाही शनिवार होताच की! आता शाळेच्या दारातल्या टपरीवर रोजच बाजार भरतो.

रत्नागिरीला त्या टॉफीची बहीण आम्हाला लेकीच्या फडताळात सापडली: आंबापोळी. फणसपोळीही होती. चवीला उत्तम, त्यात वाद नाही. पण उन्हात वाळवलेला गोड रस दाढेच्या खाचेत असा चिकटून बसतो की जिभेनं निघत नाही. नात अभ्यास करताना एकेक तुकडा तोंडात धरून तासतासभर चघळायची. शिवाय उन्हाळाभर कोकम सरबत, म्हणजे आंबटाला साखरेची जोड. डॉक्टरांनी आंबापोळी बंद करा असं सांगितलं नाही. जेवणाच्या पानात वाढा आणि वरून खळखळून चूळ भरायला लावा, म्हणाले. आंबट सरबत प्यायल्यावर लगेच ब्रश करू नये, अर्धा तास जाऊ द्यावा, हेही त्यांनीच सांगितलं. आम्लाने नरम झालेला थर ब्रशने खरवडला जातो.

गुळाचं काय, असं घाटावरचा माणूस विचारणारच. गूळ नैसर्गिक, तो दाताला लागत नाही, असं समजू नका. दातावरच्या जंतूंना गूळ, काकवी, मध, साखर सगळं सारखंच. उसाचं कांडं सोलून खाणाऱ्यांनीही नंतर चूळ भरावी.

आता आपला चहा. पहाटे धारेच्या वेळी एक, न्याहारीला एक, मग रानात, सोसायटीत, वजनकाट्यावर, पाहुणा आला म्हणून. सहा कप सहज होतात. कपाला दोन चमचे धरले तर बारा चमचे, म्हणजे पन्नास-साठ ग्रॅम साखर. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितलेली कमाल मर्यादा मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे पन्नास ग्रॅमची आहे, आणि त्याच्या निम्मी असेल तर अधिक बरं म्हटलं आहे. शिवाय सहा वेळा प्रत्येकी अर्धा तास धरला तर तीन तास दात आम्लात बुडलेले. दोन कप कमी केले किंवा रानातला चहा बिनसाखरेचा केला, तर कारखाना काही बुडायचा नाही.

राखुंडी, दंतमंजन आणि मिश्री

आम्ही राखुंडीवर वाढलो. कडुलिंबाची नाहीतर बाभळीची काडी चावून दात घासण्यात वाईट काही नाही, पण दोन दातांमधली फट आणि मागची दाढ तिने साफ होत नाही. राख, कोळसा, विटेची पूड यांनी दात पांढरे दिसतात, पण वरचा थर घासला जातो आणि पुढे थंड पाणी लागलं तरी शिणशिणतं. मऊ ब्रश आणि फ्लोराइड असलेली पेस्ट, सकाळी एकदा आणि रात्री झोपण्यापूर्वी एकदा, हाच आजचा मार्ग. दोन्हींत रात्रीचं महत्त्वाचं, कारण झोपेत लाळ कमी होते आणि दाताची राखण करायला कोणी उरत नाही. तीन वर्षांच्या आतल्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, त्यापुढे सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी. जाहिरातीत ब्रशभर दाखवतात, ती विकणाऱ्याची सोय. सात-आठ वर्षांपर्यंत मुलाचे दात मोठ्या माणसानेच घासावेत. तान्ह्याला झोपताना साखरेच्या दुधाची बाटली तोंडात देऊन ठेवू नये. पुढचे चारही दात त्याने काळे पडून झिजतात.

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही विहिरींच्या पाण्यातच फ्लोराइड जादा आहे आणि त्याने दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे येतात. आपले पाहुणे तिकडे असतील तर त्यांनी पाणी तपासून घ्यावं.

मिश्रीबद्दल लिहिताना हात जड होतो, कारण ती आमच्याही घरात होती. कोकणात आहे, घाटावर आहे. तव्यावर तंबाखू भाजायची, कुटायची आणि बोटाने हिरड्यांना लावून तासभर बसायचं. बाया म्हणतात, ती लावल्याशिवाय दाढ थांबत नाही, पोट साफ होत नाही. दाढ थांबते ती तंबाखूच्या गुंगीने. आतली कीड चालूच राहते. १९९२ साली केंद्र सरकारने दंतमंजन आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला बंदी केली, पण घरच्या तव्यावर कोण बंदी घालणार? गरोदर बाईने मिश्री लावली तर मूल कमी वजनाचं जन्मतं, असं आढळलेलं आहे. सासवांनी निदान सुनेला तरी हा डबा देऊ नये.

सुपारीचंही तसंच. गुहागर-दापोलीकडच्या सुपारीच्या बागा बघायला फार सुंदर, पण २००४ साली जागतिक कर्करोग संशोधन संस्थेने नुसती सुपारीसुद्धा कर्करोगकारक ठरवली. ती सतत चघळल्याने गालाचं आतलं कातडं ताठ होत जातं आणि तोंड उघडेनासं होतं. मुंबईच्या डॉ. जोशी यांनी १९५३ सालीच या रोगाचं वर्णन करून त्याला नाव दिलं होतं. महाराष्ट्रात गुटखाबंदी २०१२ साली झाली. पुड्या कुठे मिळतात, ते आम्ही सांगायला नको.

ओळखायची खूण सोपी आहे. स्वतःची तीन बोटं उभी करून तोंडात जातात का बघा. जात नसतील, गालात किंवा जिभेवर पांढरा-लाल चट्टा असेल, एखादी जखम दोन आठवड्यांत भरली नसेल, तर थांबू नका. साखरझोप लागते म्हणून दुखणं नाही असं समजू नका. हे रोग सुरुवातीला दुखत नाहीत.

मधुमेही सभासदांनी हिरड्यांतून रक्त येत असेल तर मुद्दाम दाखवावं. साखर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्या बिघडल्या की साखर आटोक्यात येत नाही. दाढ ठणकली तर लवंगेचं तेल रात्र काढायला ठीक, पण ॲस्पिरिनची गोळी हिरडीवर दाबून धरू नका, कातडं भाजतं. खेळताना कायमचा दात मुळासकट पडला तर मूळ न चोळता तो दुधात घालून तासाभरात दवाखाना गाठावा; पुष्कळदा परत बसतो.

रत्नागिरी जिल्ह्यात पाहुणे असणाऱ्यांसाठी सांगतो: जिल्हा रुग्णालयात दंतविभाग आहे, खेडला योगिता दंत महाविद्यालय आहे, आणि चिपळूणजवळ डेरवणच्या वालावलकर रुग्णालयात कर्करोगाची तपासणी होते. शाळा-अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्यात दातही पाहतात. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका आणि चिठ्ठी दिली तर ती दप्तरात कुजवू नका.

नातीच्या उरलेल्या तीन दाढांना लेप लावून झाला आहे. चौथ्या जागेचं काय करायचं ते मागची दाढ बाराव्या वर्षी येईल तेव्हा ठरवू, असं डॉक्टर म्हणाले. निघताना लेकीनं आमच्या पिशवीत आंबापोळीचं पुडकं घातलं, तर नातीनं ते बाहेर काढून विचारलं, "आबा, जेवताना खाणार ना?"