मुद्दाम कच्चा ठेवलेला बोल्ट

थंड देशांत हिवाळ्यात बागेतल्या छोट्या ट्रॅक्टरला बर्फ उडवणारे यंत्र जोडतात. आपल्या ठाणे जिल्ह्यात बर्फ कुठला? पण जुलैत कल्याणहून मुरबाडकडे किंवा खडवलीकडे गेलात, तर तसाच छोटा ट्रॅक्टर भाताच्या खाचरात चिखलणी करताना दिसेल. त्याच्या मागे जोडलेला असतो रोटाव्हेटर. एक यंत्र बर्फ कापते, दुसरे चिखल घुसळते. दोन्हींना फिरवणारी शक्ती इंजिनाकडूनच येते, आणि दोन्हींत बऱ्याचदा एक साधासा बोल्ट मुद्दाम कमजोर ठेवलेला असतो. तो का, हे आज पाहू.

रोटाव्हेटर ट्रॅक्टरला दोन प्रकारे जोडलेला असतो. पहिली जोडणी वजन पेलण्याची. खालचे दोन दांडे आणि वरचा एक, अशा तीन बिंदूंवर अवजार धरले जाते. खुर्चीच्या चार पायांतला एखादा अधांतरी राहू शकतो, तिपाई मात्र कधी डुगडुगत नाही, हे आपण जाणतोच. वरच्या दांड्याची लांबी कमीजास्त करून अवजार पुढेमागे सपाट करतात. खालच्या एका दांड्याची उंची बदलून ते डावे-उजवे समपातळीत आणतात.

दुसरी जोडणी शक्ती पोचवण्याची. ट्रॅक्टरच्या मागे बाहेर आलेला छोटा दांडा, म्हणजे पी.टी.ओ., सहसा मिनिटाला 540 फेरे फिरतो. त्याच्यापासून अवजारापर्यंत एक लांब दांडा जातो. अवजार वर उचलले की त्याचा कोन बदलतो, म्हणून त्याच्या दोन्ही टोकांना युनिव्हर्सल जॉइंट असतो. अंतरही बदलते, म्हणून तो एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्यांचा असतो.

इथे एक गंमत आहे. असा एकच जॉइंट 30 अंशांत वाकवला, तर आत येणारा वेग 540 वर कायम असूनही बाहेर पडणारा वेग प्रत्येक फेऱ्यात सुमारे 468 ते 623 यांदरम्यान हेलकावे खातो. दुसरा जॉइंट हे हेलकावे पुसून टाकतो. मात्र त्यासाठी दोन अटी पाळाव्या लागतात : मधल्या दांड्याच्या दोन्ही टोकांचे चिमटे एकाच पातळीत हवेत आणि दोन्हीकडचे कोन सारखे हवेत. नळ्या जोडताना चिमटे आडवे-उभे बसले, तर यंत्र धडधडू लागते.

आता त्या बोल्टकडे येऊ. शहराच्या कडेच्या खाचरांत केवळ माती नसते. बांधकामाचा राडारोडा, विटा, एखादी सळई, झाडाचे मूळ, काहीही निघते. पाती अशा वस्तूत अडकली की रोटर जागच्या जागी थांबतो. इंजिनाचे जड चक्र मात्र फिरतच राहू पाहते. मधल्या कुठल्या तरी भागाला हा पीळ सोसावा लागतो. गिअर तुटावेत, दांडा पिळवटावा, की काही रुपयांचा बोल्ट कापला जावा?

थोडा हिशोब करू. 20 अश्वशक्ती म्हणजे सुमारे 14,900 वॉट. सेकंदाला 9 फेरे धरले, तर दांड्यावरचा पीळ सुमारे 264 न्यूटन-मीटर येतो. बोल्ट मध्यापासून 5 सेंटिमीटरवर असेल, तर त्याच्यावर सुमारे 5,300 न्यूटन बल पडते. बोल्टच्या डोक्यावर 4.6 असा आकडा असेल, तर त्यातला पहिला 4 सांगतो की ते पोलाद ओढताना दर चौरस मिलिमीटरला 400 न्यूटनपर्यंत टिकते. कापले जाताना त्याच्या साधारण 60 टक्के, म्हणजे 240. 8 मिलिमीटर बोल्टचा छेद सुमारे 50 चौरस मिलिमीटर. म्हणजे 12,000 न्यूटनला तो तुटेल. रोजच्या कामाच्या सव्वादोन पटींपर्यंत तो सोसतो आणि त्यापुढे स्वतः तुटून बाकीच्यांना वाचवतो.

हा बोल्ट वारंवार तुटतो म्हणून कुणी त्याजागी 8.8 चा कडक बोल्ट घातला, तर? तो 24,000 न्यूटनपर्यंत तुटणार नाही. तोवर गिअरबॉक्स तुटलेला असेल. घरातल्या फ्यूजमध्ये जाड तार घालण्यासारखेच हे आहे. म्हणून पुस्तिकेत दिलेल्या मापाचा आणि प्रतीचाच बोल्ट वापरायचा. तो पुन्हापुन्हा तुटत असेल, तर शेतात काय अडकते आहे ते शोधायचे.

बोल्ट यंत्राला वाचवतो, माणसाला नाही. दांड्याची जाडी 7 सेंटिमीटर धरली, तर त्याचा घेर 22 सेंटिमीटर आणि सेकंदाला 9 फेरे. म्हणजे अडकलेला पदर, गमछा किंवा ओढणी एका सेकंदात जवळजवळ दोन मीटर गुंडाळली जाते. हात मागे घ्यायलाही वेळ मिळत नाही, आणि माणसाचा प्रतिकार बोल्ट तोडण्याइतका मुळीच नसतो. म्हणून दांड्यावरचे प्लॅस्टिकचे आवरण कधीही काढू नये. बोल्ट बदलताना किंवा पात्यांतले काही काढताना अवजार जमिनीवर टेकवावे, इंजिन बंद करावे, किल्ली खिशात ठेवावी. चिखलणी पाहायला बांधावर मुले जमतातच. त्यांना हा आकडा वर्गातच काढायला लावा.

बोल्टचा प्रयोगही वर्गात करता येतो. लाकडाच्या दोन पट्ट्यांना काडेपेटीची काडी जेमतेम बसेल असे छिद्र पाडा. गूल काढलेली काडी दोन्ही छिद्रांत घालून पट्ट्या जोडा. वरची पट्टी टांगा, खालचीला बादली बांधा. बादली जमिनीपासून चार बोटेच वर ठेवा. तांब्याने पाणी ओता. किती लिटरला काडी तुटली? दुसरे छिद्र पाडून दोन काड्या घातल्या तर? काडीच्या जागी खिळा घातला, तर आधी काय तुटेल? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मुलांना आधी लिहायला सांगा.