जीवाणूंचे रक्त-मेंदू अडथळ्यातून संक्रमण

रक्त-मेंदू अडथळा ही मेंदूतील केशवाहिन्यांची विशेष संरचना असून ती रक्तातील बहुतेक सूक्ष्मजीव, विषद्रव्ये आणि मोठे रेणू मेंदूत शिरू देत नाही. रक्तात आलेल्या असंख्य प्रकारच्या जीवाणूंपैकी मोजकेच हा अडथळा ओलांडतात. ते ओलांडल्यावर मेंदू व मेरुरज्जूभोवतीच्या आवरणांचा दाह होतो. या आजारास मस्तिष्कावरणशोथ किंवा मेनिंजायटिस म्हणतात. बोलीभाषेत त्याला मेंदूज्वर म्हटले जाते. मात्र विषाणूंमुळे मेंदूच्या ऊतींस होणाऱ्या दाहालाही तेच नाव वापरले जाते. जीवाणूजन्य मस्तिष्कावरणशोथ ही वैद्यकीय आणीबाणी असून उपचारास काही तासांचा विलंबही मृत्यू, बहिरेपणा किंवा कायमचे अपंगत्व यांस कारणीभूत ठरू शकतो.

संशोधनाचा इतिहास

जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिक यांनी 1885 मध्ये प्राण्यांच्या रक्तात रंगद्रव्य सोडले, तेव्हा इतर अवयव रंगले, पण मेंदू रंगला नाही. त्यांचे शिष्य एडविन गोल्डमान यांनी 1913 मध्ये रंगद्रव्य थेट मस्तिष्कमेरुद्रवात सोडले. या वेळी मेंदू रंगला व इतर अवयव कोरे राहिले. त्यावरून रक्त आणि मेंदू यांच्या दरम्यान अडसर असल्याचे स्पष्ट झाले. हा अडसर केशवाहिन्यांच्या अस्तरपेशींमध्येच आहे, हे 1967 मध्ये रीज आणि कार्नोव्हस्की यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने दाखवून दिले.

अडथळ्याची रचना

शरीरातील इतर केशवाहिन्यांच्या अस्तरपेशींमध्ये सूक्ष्म फटी असतात. मेंदूत मात्र क्लॉडिन-5 व ऑक्लुडिन यांसारख्या प्रथिनांनी या पेशी एकमेकींना घट्ट सांधलेल्या असतात. त्यांच्याभोवती आधारपटल, पेरिसाइट पेशी आणि ताराकृती पेशींची टोके यांचे वेष्टण असते. मेंदूच्या पोकळ्यांतील रक्तवाहिन्यांच्या जालिकेत रक्त आणि मस्तिष्कमेरुद्रव यांच्यातील दुसरा अडथळा असतो. काही जीवाणू या दुसऱ्या मार्गानेही आत शिरतात.

ओलांडण्याचे मार्ग

अडथळा ओलांडण्यापूर्वी जीवाणूला रक्तात टिकून राहावे लागते. त्यासाठी अनेक जीवाणूंभोवती शर्करेचे संपुट असते, ज्यामुळे भक्षकपेशी व पूरक प्रथिने यांपासून त्यांचा बचाव होतो. रक्तातील जीवाणूंची संख्या एका मर्यादेपलीकडे गेल्यास मेंदूत प्रवेशाची शक्यता वाढते. पुढील प्रवास मुख्यतः तीन मार्गांनी होतो.

पेशीच्या आतून: जीवाणू अस्तरपेशीला चिकटतो, पेशी त्याला आत ओढून घेते आणि तो दुसऱ्या बाजूने बाहेर पडतो. नवजात बालकांत आढळणारा एश्चेरिशिया कोलाय के-1 हा ओम्प-ए व फिम-एच या प्रथिनांच्या साहाय्याने असा शिरतो. न्यूमोकोकस हा फॉस्फोरिलकोलीनच्या आधारे प्लेटलेट-सक्रियकारक घटकाच्या ग्राहीला चिकटतो. हा ग्राही मुळात शरीराच्या स्वतःच्या संदेशवहनासाठी असतो.

पेशींच्या मधून: मेनिंगोकोकस आपल्या केसांसारख्या तंतूंनी अस्तरपेशीला चिकटतो आणि तिच्यात असे संदेश निर्माण करतो की सांधे बनवणारी प्रथिने आपल्या जागेवरून हलतात. त्यामुळे सांध्यांत फट पडते.

वाहकपेशीत लपून: काही जीवाणू भक्षकपेशींच्या पोटात जिवंत राहतात. दाह झालेल्या ठिकाणी जाणाऱ्या या पेशींसोबत तेही मेंदूत पोहोचतात. लिस्टेरिया व क्षयजीवाणू यांच्या बाबतीत हा मार्ग महत्त्वाचा मानला जातो. ग्रीक कथेतील लाकडी घोड्यावरून त्यास ट्रोजन घोड्याची यंत्रणा म्हणतात.

याशिवाय कानातील पू, नाकालगतच्या पोकळ्यांतील संसर्ग किंवा कवटीचे अस्थिभंग यांतून जीवाणू रक्तमार्ग टाळून थेट आवरणांपर्यंत पोहोचू शकतात. लिस्टेरिया चेताजालातूनही मेंदूकडे सरकू शकतो.

क्षयजन्य मस्तिष्कावरणशोथ

भारतासारख्या क्षयरोगाचे प्रमाण मोठे असलेल्या देशात या प्रकाराचे महत्त्व विशेष आहे. आर्नोल्ड रिच आणि हॉवर्ड मॅककॉर्डक यांनी 1933 मध्ये असे मांडले की, रक्तातून आलेले क्षयजीवाणू प्रथम मेंदूत किंवा आवरणालगत लहान गाठ निर्माण करतात. ही गाठ पुढे फुटून जीवाणू मस्तिष्कमेरुद्रवात मिसळतात आणि मग आजार उफाळतो. त्यामुळे या आजाराची सुरुवात अनेकदा आठवडेभर किंवा त्याहून अधिक काळ चालणारी डोकेदुखी, बारीक ताप, वजन घटणे व चिडचिड यांनी होते. मान ताठरणे, डोळा तिरळा होणे, झोपाळूपणा व झटके ही पुढची लक्षणे होत.

प्रवेशानंतरची हानी

मस्तिष्कमेरुद्रवात प्रतिपिंडे व पूरक प्रथिने अल्प असल्याने जीवाणूंची वाढ वेगाने होते. त्यांच्या भित्तिकांचे तुकडे दाहक द्रव्यांचे स्रवण घडवतात. परिणामी अडथळा आणखी सैल होऊन पांढऱ्या पेशी व द्रव आत येतात, मेंदूला सूज येते आणि कवटीतील दाब वाढतो. म्हणजेच हानीचा मोठा भाग शरीराच्या स्वतःच्या प्रतिसादामुळे घडतो. यामुळे अनेक रुग्णांत प्रतिजैविकांसोबत डेक्सामेथासोन देतात; व्हिएतनाममधील 2004 च्या चाचणीत क्षयजन्य प्रकारातील मृत्यू त्यामुळे कमी झाले.

निदान आणि उपचार

निदानासाठी कंबरेच्या मणक्यांतून मस्तिष्कमेरुद्रव काढून तपासतात. ही पद्धत 1891 मध्ये हाइनरिश क्विंके यांनी रूढ केली. पाठीतून पाणी काढल्याने लकवा होतो, अशी समजूत आढळते. परंतु प्रौढांत मेरुरज्जू सुई घालण्याच्या जागेच्या वरच संपलेला असतो. कवटीतील दाब फार वाढल्याचा संशय असल्यास मात्र आधी मेंदूचे सीटी स्कॅन करतात.

अडथळा औषधांनाही अडवतो. दाहामुळे तो सैल झालेला असताना सेफ्ट्रिअ‍ॅक्झोन पुरेसे आत पोहोचते. क्षयरोगाच्या औषधांपैकी आयसोनियाझिड व पायराझिनामाइड सहज, तर रिफाम्पिसिन अल्प प्रमाणात पोहोचते. क्षयजन्य प्रकारात उपचार साधारणतः 9 ते 12 महिने चालतात.

विदर्भातील संदर्भ

विदर्भात मेंदूज्वराचा विचार करताना जीवाणू आणि विषाणू यांत भेद करणे आवश्यक ठरते. 1965 मध्ये नागपूर परिसरातील चांदीपुरा येथील रुग्णांच्या नमुन्यांतून चांदीपुरा विषाणू सापडला. तो वाळूमाशीमुळे पसरतो. 2007 मध्ये नागपूर विभागात त्याचा बालकांमध्ये उद्रेक झाला होता. त्यावर प्रतिजैविके चालत नाहीत. जीवाणूजन्य प्रकारावर ती तातडीने द्यावी लागतात. नागपूरच्या सेंट्रल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेस या संस्थेत क्षयजन्य मस्तिष्कावरणशोथाच्या निदानावर संशोधन झाले असून मस्तिष्कमेरुद्रवातील क्षयजीवाणूंची प्रतिजने ओळखण्याच्या चाचण्या तेथे अभ्यासल्या गेल्या.

कारंजा लाड हे वाशिम जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण आहे. या परिसराजवळ अकोला येथे 2002 मध्ये, तर वाशिम येथे 2024 मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. ताप, तीव्र डोकेदुखी व मानेचा ताठरपणा एकत्र आढळल्यास, तसेच तापाच्या बालकास झटके आल्यास किंवा ते सुस्त झाल्यास, मोठ्या रुग्णालयात विनाविलंब पोहोचणे निर्णायक ठरते.

प्रतिबंध

जन्मतः दिली जाणारी बीसीजी लस बालकांना क्षयजन्य मस्तिष्कावरणशोथापासून बऱ्याच अंशी संरक्षण देते. हिमोफिलस इन्फ्लुएंझा-बी विरुद्धचा घटक असलेली पंचगुणी लस भारतात 2011 पासून टप्प्याटप्प्याने सार्वत्रिक लसीकरणात आली. न्यूमोकोकसविरुद्धची लस 2017 पासून काही राज्यांत, तर 2021 पासून देशभर देण्यात येऊ लागली. या लसी जीवाणूला रक्तातच रोखतात. त्यामुळे मेंदूच्या अडथळ्यापर्यंत पोहोचण्याची संधीच त्याला कमी मिळते.