उतरायचं कुठं? आधी काम कुठं ते पाहा

मुंबईत चार दिवसांचं काम निघालं की पहिला प्रश्न पडतो, उतरायचं कुठं? बरेचजण विलेपार्ल्याचं नाव घेतात. स्टेशन आहे, विमानतळ जवळ, जेवणाचीही चांगली सोय. पण 'पार्ल्यात खोली आहे' एवढ्यावर मी पैसे भरत नाही.

रेल्वेच्या रुळांनी पार्ल्याचे दोन भाग केलेत. नानावटी आणि कूपर ही दोन्ही रुग्णालयं पश्चिमेला, तर विमानतळ आणि दीनानाथ मंगेशकर नाट्यगृह पूर्वेला. पेशंटजवळ रात्री थांबायचं, सकाळी डबा न्यायचा, तर पूर्वेची स्वस्त खोली रिक्षाच्या फेऱ्यांतच महाग पडते. शिवाय ऐनवेळी माणूस पोचत नाही, ते वेगळंच.

काम परळच्या टाटा रुग्णालयात असेल, तर आधी दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेत चौकशी करावी. कर्करुग्णांची आणि नातेवाइकांची तिथं सोय होते. पार्ल्यातच राहायचं झालं, तर स्टेशनपासून चालत जाता येईल अशी खोली बघा. मुंबई शहरात रिक्षा चालत नाहीत. धीम्या लोकलनं प्रभादेवी गाठलं, की पलीकडे परळ.

मग फोनवर तीनच गोष्टी विचारा. भाडं करासकट किती? लिफ्ट आहे का? आणि दिवस २४ तासांचा धरता, की दुपारी १२ ला संपतो? पहाटेच्या गाडीनं येणाऱ्याला १२ च्या हिशेबात एका रात्रीसाठी दोन दिवसांचं भाडं पडू शकतं.