बाई, पालक आणि मधले मूल

शाळेतली शिक्षिका आणि तिच्या वर्गातल्या मुलाला सांभाळणारी स्त्री यांचे प्रेम जमणे, हे इंग्रजी लेस्बियन प्रणयकादंबरीतले एक हुकमी कथानक आहे. दोघींचे स्वभाव दोन टोकांचे असावेत, हा त्याचा अलिखित नियम. शिक्षिका वक्तशीर, नियमाने चालणारी, घरी मांजर आणि पुस्तके. पालक धांदरट, फटकळ, कामाच्या वेळा विचित्र असलेली. कधी याच्या उलटही असते: बाई मोकळ्याढाकळ्या आणि पालक एखाद्या कंपनीची कडक साहेबीण. ही पालक पुष्कळदा मुलाची आई नसतेच. बहीण अपघातात गेल्यामुळे भाची अंगावर पडलेली मावशी असते किंवा भावाचे मूल वाढवणारी आत्या. आईपणाची सवय नसलेली बाई आईचे काम करू पाहते आणि जिच्यासमोर तिला रोज हजर व्हावे लागते ती मुले सांभाळण्यात तरबेज असते. अर्धे नाट्य इथेच तयार होते.

पहिली भेट बहुधा तक्रारीची असते. पालकसभेला सगळे येऊन गेलेले असतात आणि ही अर्ध्या तासाने उगवते. मुलांच्या बुटक्या खुर्चीत गुडघे छातीशी घेऊन बसते. बाई वही पुढे सरकवतात: गृहपाठावर सही नाही, सहलीच्या पत्राला उत्तर नाही, डब्यात सलग तिसऱ्या दिवशी बिस्किटे. पालकाला वाटते, आपली परीक्षा चालली आहे. ती काहीतरी लागट बोलून उठते. ती गेल्यावर बाईंना आठवते की त्या मुलीच्या वेण्या रोज वाकड्या असतात, पण रोज ताज्या घातलेल्या असतात. म्हणजे घरी कोणीतरी सकाळी उठून, येत नसताना, वेणी घालायला शिकते आहे. चांगली लेखिका प्रेमाची सुरुवात अशा तपशिलात लपवते. वाईट लेखिका डोळ्यांच्या रंगात.

पुढचा रस्ता ठरलेला असतो. पमेला रेजिस या अमेरिकी अभ्यासिकेने 2003 साली प्रणयकादंबरीवरच्या आपल्या पुस्तकात या प्रकाराचे आठ आवश्यक घटक सांगितले. त्यातला कळीचा घटक म्हणजे अडथळा. दोघांना एकत्र येऊ न देणारे काहीतरी भक्कम हवे, नाहीतर कादंबरी तिसऱ्या प्रकरणात संपेल. शिक्षिका आणि पालक यांच्यात हा अडथळा आयताच मिळतो. जिच्या मुलाला गुण द्यायचे तिच्याशीच संबंध ठेवणे नोकरीत अडचणीचे, शाळेच्या फाटकावर होणारी कुजबुज वेगळी, आणि मुलाने एक माणूस आधीच गमावलेले असल्यामुळे दुसरे गमावण्याची भीती. मग वर्ष संपेपर्यंत थांबणे, मुलाची तुकडी बदलणे, शेवटाआधीचा दुरावा आणि शेवटी समेट. सुखान्त हा या प्रकाराचा वाचकाशी झालेला करार असतो. तो मोडला तर ती कादंबरी प्रेमकथा असेल, पण प्रणयकादंबरी म्हणून विकता येत नाही.

विरुद्ध स्वभावांची माणसे एकमेकांकडे ओढली जातात, ही समजूत मात्र मानसशास्त्राला फारशी मान्य नाही. रॉबर्ट विंच या समाजशास्त्रज्ञाने 1950च्या दशकात परस्परपूरक गरजांचा सिद्धान्त मांडला होता: हुकूम सोडणाऱ्याला हुकूम ऐकणारा हवा, अशा धर्तीचा. नंतरच्या संशोधनाने त्याला जेमतेमच आधार दिला. मानसशास्त्रज्ञ डॉन बर्न यांच्या प्रयोगांतून उलटेच दिसले. ज्याची मते आपल्यासारखी तो माणूस आपल्याला अधिक आवडतो. पण कादंबऱ्या बारकाईने वाचल्या तर त्या बर्न यांच्याच बाजूने उभ्या दिसतात. दोघींचा विरोध वरवरचा असतो, कपड्यांचा, वेळेचा, बोलण्याच्या पट्टीचा. मुलाच्या बाबतीत दोघींना एकच हवे असते. मूल हा केवळ गोड दिसणारा तिसरा नसून दोघींचे मूळ एकच आहे हे उघडे करणारे साधन आहे.

तरीही हेच कथानक एवढे का रुजले, याचे खरे उत्तर इतिहासात आहे. समलिंगी स्त्रीकडून हिरावून घ्यायला विसाव्या शतकात दोन गोष्टी सर्वांत सोप्या होत्या: शाळेतली नोकरी आणि मुलाचा ताबा. या जोडीतल्या एकीकडे पहिली असते, दुसरीकडे दुसरी.

हे हिरावले जाण्याची भीती त्याहून जुनी. तिचे सर्वांत गाजलेले प्रकरण एडिंबरोचे आहे, आणि त्याचा एक धागा थेट हिंदुस्थानात जातो. मॅरिअन वुड्स आणि जेन पिरी या दोघी तिथे मुलींची निवासी शाळा चालवत. जेन कमिंग ही त्यांची एक विद्यार्थिनी. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत असलेला स्कॉटिश बाप आणि भारतीय आई यांची ही मुलगी हिंदुस्थानात जन्मली होती. तिची पालक म्हणजे तिची आजी, लेडी हेलन कमिंग गॉर्डन. नोव्हेंबर 1810 मध्ये मुलीने आजीला सांगितले की या दोघी शिक्षिका रात्री एकमेकींच्या बिछान्यात अयोग्य वागतात. आजीने इतर पालकांना कळवले आणि पाहता पाहता शाळा रिकामी झाली. शिक्षिकांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला. सुनावणीत असाही युक्तिवाद झाला की ब्रिटिश स्त्रियांना असले काही ठाऊकच असणार नाही. मुलीने ते हिंदुस्थानातल्या दायांकडून ऐकले असेल. 1812 साली न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी शिक्षिकांच्या बाजूने निकाल दिला आणि 1819 मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सने आजीचे अपील फेटाळले. पण शाळा संपली ती संपलीच. पालक आणि शिक्षिका यांच्या कथेचे हे जुने रूप: त्यात पालक ही प्रेयसी नसते, शत्रू असते.

लिलियन हेलमन यांनी हे प्रकरण अमेरिकेत नेऊन 'द चिल्ड्रन्स अवर' हे नाटक लिहिले. 1934 मध्ये ते ब्रॉडवेवर आले आणि 691 प्रयोग चालले. मुलीचे हिंदुस्थानी मूळ त्यात गळून पडले, आजी मात्र राहिली. शेवटी दोघींपैकी एक शिक्षिका आपले प्रेम खरे होते हे ओळखून जीव देते. 1936च्या पहिल्या चित्रपटात समलिंगी आरोपच काढून टाकावा लागला. 1961 मध्ये विल्यम वायलर यांनी ऑड्री हेपबर्न आणि शर्ली मॅक्लेन यांना घेऊन मूळ कथा पडद्यावर आणली, मरणासकट.

मरण हा त्या काळचा जवळजवळ परवानाच होता. 1952 साली मॅरिजेन मीकर यांनी व्हिन पॅकर या नावाने 'स्प्रिंग फायर' लिहिली, तेव्हा प्रकाशकाने बजावले की शेवट सुखाचा करू नका; टपालखाते अश्लील ठरवून पुस्तके जप्त करील. त्याच वर्षी पॅट्रिशिया हायस्मिथ यांची 'द प्राइस ऑफ सॉल्ट' क्लेअर मॉर्गन या टोपणनावाने आली आणि तिने हा नियम मोडला. दुकानाच्या बाहुली विभागातली तरुण विक्रेती आणि मुलीसाठी भेटवस्तू घ्यायला आलेली श्रीमंत, घटस्फोटाच्या वाटेवरची आई: दोन टोकांच्या दोघी आणि मध्ये मूल, हा साचा इथे स्पष्ट दिसतो. नवरा मागे खासगी गुप्तहेर लावतो, पुरावे जमवतो आणि आईला मुलीच्या ताब्यावर पाणी सोडावे लागते. तरी दोघी शेवटी एकत्र येतात. हायस्मिथ यांनी आपले खरे नाव या पुस्तकावर येऊ दिले ते 1990 मध्ये. 2015चा 'कॅरोल' हा चित्रपट याच कादंबरीवर आहे.

जेन रूल यांच्या 1964च्या 'डेझर्ट ऑफ द हार्ट'मध्ये शिक्षिका नायिका झाली. घटस्फोटासाठी रिनोला आलेली इंग्रजीची प्राध्यापिका आणि जुगाराच्या अड्ड्यावर काम करणारी बेधडक तरुणी. डॉना डाइच यांनी 1985 मध्ये त्यावर 'डेझर्ट हार्ट्स' हा चित्रपट केला. रूल स्वतः व्हँकूव्हरच्या विद्यापीठात शिकवत. कादंबरीमुळे त्यांच्या नोकरीवर प्रश्नचिन्ह लागले तेव्हा एका सहकाऱ्याने म्हटले की खुनाच्या कथा लिहिणारे काही खुनी नसतात. बचाव म्हणून ठीक, पण त्यात प्रेमाची तुलना खुनाशी झाली हे कोणाच्या लक्षात आले नसावे.

भीती कायद्यातही होती. 1978 मध्ये कॅलिफोर्नियात प्रस्ताव क्रमांक 6 मतदानाला आला. समलिंगी आणि त्यांची बाजू घेणाऱ्या शिक्षकांना सरकारी शाळांतून काढता यावे, असा तो होता. मतदारांनी तो फेटाळला. ब्रिटनमध्ये 1988च्या कलम 28 ने सरकारी शाळांत समलिंगी संबंध हे कुटुंबाचे स्वीकारार्ह रूप आहे असे शिकवण्यास मनाई केली; स्कॉटलंडमध्ये ते 2000 साली आणि इंग्लंडमध्ये 2003 साली गेले. ताब्याच्या बाजूला व्हर्जिनियाचा बॉटम्स खटला आहे. 1993 मध्ये न्यायालयाने लेस्बियन आईकडून मूल काढून तिच्याच आईकडे दिले आणि 1995 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले. आजच्या कादंबऱ्यांतली शिक्षिका मुख्याध्यापिकेच्या खोलीबाहेर घाम पुसते, तेव्हा लेखिकेला हा इतिहास ठाऊक असो वा नसो, घाम तिथूनच आलेला असतो.

सुखान्ताला हक्काचे घर मिळाले ते स्त्रियांनी स्वतः प्रकाशन सुरू केल्यावर. 1973 मध्ये बार्बरा ग्रिअर आणि सहकारी स्त्रियांनी नायड प्रेस काढले. 2004 मध्ये रॅडक्लिफ या लेखिकेने बोल्ड स्ट्रोक्स बुक्स उभे केले. मधल्या काळात 'झीना' या दूरचित्रवाणी मालिकेच्या चाहत्यांनी तिच्या दोन नायिकांवर इंटरनेटवर ढिगाने कथा लिहिल्या आणि त्यातूनच अनेक व्यावसायिक लेखिका घडल्या. हातात ई-बुक रीडर आल्यावर मुखपृष्ठ लपवण्याची गरजही उरली नाही.

शिक्षिका आणि विद्यार्थिनी यांची जुनी कथा मात्र यापासून वेगळी ठेवायला हवी. 1931च्या 'मेडशेन इन युनिफॉर्म' या जर्मन चित्रपटात वसतिगृहातली मुलगी शिक्षिकेच्या प्रेमात पडते. तिथे एकीच्या हाती सगळी सत्ता आहे. पालक आणली की दोघी प्रौढ होतात, बरोबरीच्या होतात, आणि मूल मुलाच्या जागी राहते. या साच्याची नैतिक सोय हीच आहे. त्याचे दोषही आहेत. कथेतले मूल सहा वर्षांचे असून साठीचे शहाणपण बोलते, आणि मेलेली बहीण दोन ओळींत उरकली जाते.

या सगळ्याशी एक मराठी नाव जोडलेले आहे. फलटणच्या राजघराण्याशी नाते असलेल्या, 1941 साली मुंबईत जन्मलेल्या सुनीती नामजोशी यांनी आई सरोजिनी नामजोशी यांच्याबरोबर गोविंदाग्रजांच्या कवितांचे इंग्रजी अनुवाद केले, प्रशासकीय सेवा सोडली आणि पुढे टोरांटो विद्यापीठात शिकवले. त्यांच्या जोडीदार कवयित्री जिलियन हॅन्सकोम यांनी लेस्बियन मातांवर 1981 मध्ये एक पुस्तक सहलेखनाने लिहिले होते. दोघींचा एकत्रित काव्यसंग्रह 'फ्लेश अँड पेपर' 1986 मध्ये निघाला. मराठी रंगभूमीवर तेंडुलकरांच्या 'मित्राची गोष्ट'ने 1981 मध्ये हा विषय धीटपणे आणला, पण मित्राचा शेवट आत्महत्येत होतो. पुढच्याच वर्षीच्या 'उंबरठा' या चित्रपटात महिलाश्रमातल्या दोन स्त्रियांचे नाते उघड होते ते आरडाओरड्यातच. दोन्ही कृती मोठ्या आहेत. प्रणयकादंबरीचा करार त्यांनी केलेलाच नव्हता.

आज हे कथानक मराठीत लिहायचे तर अडथळा शोधावा लागणार नाही. 6 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून काढले. 17 ऑक्टोबर 2023 रोजी त्याच न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला आणि अविवाहित जोडप्यांना एकत्र दत्तक घेण्याचा हक्कही तीन विरुद्ध दोन मतांनी नाकारला. एकट्या स्त्रीला दत्तक घेता येते. जोडप्याला मात्र दोन वर्षांचे स्थिर वैवाहिक जीवन दाखवावे लागते. म्हणजे बाई आणि मावशी यांनी एकत्र घर मांडले आणि मूल दत्तक घ्यायचे ठरवले, तर ते दोघींपैकी एकीच्याच नावावर होईल. दुसरी डबा भरील, ताप आला तर रात्र जागेल, गृहपाठ घेईल. कायद्याच्या दृष्टीने ती त्या मुलाची कोणी नसेल.