गप्प झालेलं घोरणं

"डॉक्टर, हे फार घोरतात हो. आणि मधेच एकदम गप्प होतात. मग मीच ढोसते."

हर्नियाच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी काकूंनी मला वॉर्डाच्या दाराशी गाठून हे सांगितलं. मी तेव्हा नवखा भूलतज्ज्ञ. रक्तदाब, दमा, हलणारे दात, सगळं विचारून झालं होतं. "अहो काकू, घरोघरी मातीच्या चुली!" म्हणून मी हसलो.

ऑपरेशन उत्तम झालं. रात्री काका कळवळू लागले म्हणून मॉर्फिन दिलं गेलं. दोनच्या सुमाराला घोरणं थांबलं. बाकावर बसलेल्या काकूंनी सवयीने ढोसलं. काका जागे होईनात. मी धावत पोचलो तेव्हा ओठ निळे होते. सिस्टर हनुवटी उचलून मास्कने श्वास देत होत्या, म्हणून काका वाचले.

घोरणं म्हणजे गाढ झोप, हा आपल्याकडचा लाडका गैरसमज. झोपेत घशाचे स्नायू सैलावतात. काहींचा घसा मिटतोच. छाती हलते, हवा मात्र आत जात नाही. रक्तातला प्राणवायू उतरला की मेंदू दचकून अर्धवट जागा होतो, माणूस धाप टाकतो आणि पुन्हा झोपतो. रात्रभर हेच. सकाळी त्याला काही आठवत नाही. हे दचकणंच त्याचा पहारेकरी. भूल, मॉर्फिन आणि झोपेच्या गोळ्या नेमकं त्यालाच झोपवतात. त्यात पेशंट उताणा! आणि पहिली रात्र सुखरूप गेली म्हणजे सुटलो, असंही नाही. ऑपरेशनमुळे हुकलेली स्वप्नांची झोप पुढच्या दोन-तीन रात्रींत व्याजासकट परत येते. त्या झोपेत घसा सर्वाधिक ढिला असतो.

टोरांटोच्या फ्रान्सेस चुंग या भूलतज्ज्ञ बाईंनी २००८ साली यासाठी साधी प्रश्नावली मांडली. तिच्या आजच्या रूपात आठ प्रश्न आहेत: घोरणं, दिवसाची पेंग, रक्तदाब, वय, मानेचा घेर वगैरे. त्यातल्या एकाचं उत्तर पेशंट स्वतः देऊच शकत नाही: झोपेत तुमचा श्वास थांबलेला कुणी पाहिलाय का?

आता मी पेशंटला तपासतो आणि मग बाहेर जाऊन सोबत कोण आलंय ते बघतो. उत्तर 'हो' आलं, तर मॉर्फिन बेताने, उशाकडची बाजू उंच आणि रात्रभर बोटाला प्राणवायू मोजणारं यंत्र. हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवणारं सीपॅप मशीन काहींकडे असतं. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ साली मांडलेला हा उपाय. पण ऑपरेशनला येताना लोक ते हमखास घरी ठेवून येतात. परवाच एका आजोबांच्या सुनेला ते आणायला परत पाठवलं. कुरकुरत गेली, पण घेऊन आली.