अफवेचें नवें वाहन

अफवा ही मनुष्याच्या वाणीइतकीच जुनी. तिला मिळालेलें वाहन मात्र नवें आहे. मुलें पळविणारी टोळी आल्याचे संदेश मोबाइलवरून पसरले असतां, १ जुलै २०१८ रोजीं धुळें जिल्ह्यांतील राईनपाडा येथें भिक्षेसाठीं आलेल्या पांच जणांना जमावानें ठार केलें. ते भटक्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते. टोळीशीं त्यांचा कांहींही संबंध नव्हता.

त्याच सुमारास देशभर एक चित्रफीत फिरत होती: मोटारसायकलवरून आलेले दोघे एका बालकास उचलून नेतात. वस्तुतः ती कराचींतील एका संस्थेनें पालकांना सावध करण्यासाठीं मुद्दाम तयार केली होती. मूल परत आणून सोडल्याचा शेवटचा भाग तेवढा कोणीतरी कापून टाकला होता. पुढें जुलै २०१८ मध्येंच व्हॉट्सॲपनें भारतांत एका वेळीं पांचच ठिकाणीं संदेश धाडण्याची मर्यादा घातली.

तथापि खरा अडसर संदेश ज्याच्या हातीं येतो त्याच्यापाशींच असतो. ज्यांत स्थळ, काळ व सांगणारा यांचा पत्ता नाहीं, जो भय दाखवून ‘ताबडतोब सर्वांना कळवा’ असा आग्रह धरतो, तो संदेश आधीं पोलीस ठाण्यांत विचारून पाहावा. तोंवर पुढें धाडूं नये.